बटण दाबल्यावर आधी कोण जागं होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून चांगले चालते संगणक बाहेर निघायला लागले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाची सहीची तपासणी, जमणारं मशीन पाहिजे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर जवळपास सगळं बादच. ऑफिसवाल्यांना जे नको झालं ते आमच्याकडं येतं. जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत असाच टेम्पो भरून माल आला. गावातली पोरं पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनी कुठून कुठून जमवलेला. परभणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि शाळेतले विज्ञानाचे सर ओळखीचे. त्यांचा फोन आला, "भाऊ, खोली भरून कंप्युटर आलेत, पण एकाचं तोंड एकाला मिळंना गेलंय. तुम्ही एकदा या."

काम ऐकायला सोपं होतं. सगळ्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायचं, मराठी टायपिंग चालू करून द्यायचं, लेकरांनी बसावं. पेनड्राइव्ह तयार करून गेलो. पण माल बघितल्यावर पहिला अर्धा दिवस मी काहीच इन्स्टॉल केलं नाही, नुसती वर्गवारी केली. कंपनीनुसार नाही, रॅमनुसार नाही. बटण दाबल्यावर पहिल्या दोन-चार सेकंदांत मशीन काय करतं, त्यावरून. कारण ऑपरेटिंग सिस्टिमचा नंबर नंतर लागतो. त्याच्या आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. रॅम तपासणं, स्क्रीन पेटवणं आणि पुढचा प्रोग्रॅम कुठून उचलायचा ते ठरवणं हे त्याचं काम. आणि ही 'कुठून उचलायचा'ची रीत प्रत्येक जातीच्या मशीनची वेगळी.

सगळ्यात जुने डेस्कटॉप भिंतीकडच्या बाकावर लावले. हे बायोसवाले; बायोस म्हणजे जुन्या पद्धतीचं फर्मवेअर. चालू केलं की काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, 'सीमॉस चेकसम एरर', आणि पुढं जायला एफ-वन दाबा. तारीख बघितली तर २००५ च्या आसपास अडकलेली. याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं, बोर्डावरची सीआर-२०३२ बॅटरी. ती तीन व्होल्टची असते. मीटर लावला तर दीडसुद्धा धड दाखवेना. ही बॅटरी घड्याळ चालवते आणि बायोसच्या सेटिंग धरून ठेवते. ती संपली की मशीनला दर वेळी कारखान्यातून नुकतंच आल्यासारखं वाटतं. जिथं लाइट दिवसातून चार वेळा जाते आणि सुट्टीत महिनाभर स्विच बंद असतो, तिथं या बॅटऱ्या लवकर बसतात. येताना दुकानातून अख्खी पट्टीच आणली होती, सगळ्यांच्या बदलून टाकल्या.

बायोसबद्दल मला खरं सांगायचं तर माया आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो आठ किलोबाइटच्या रॉममध्ये मावत होता. त्याची रीत अशी की डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलायचे, मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचे, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का बघायचं, असले की लगाम सोडून द्यायचा. आत काय लिहिलंय, कुणी लिहिलंय, त्याला घेणं नाही. जत्रेच्या एसटीतला कंडक्टर असतो तसा, तिकीट दिसलं की चढ वर. त्याला फाइल म्हणजे काय ते कळत नाही, पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचं, त्याला सोयरसुतक नाही. त्या ५१२ बाइटांतले ४४६ प्रोग्रॅमला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला आणि दोन त्या खुणेला. त्या ६४ बाइटांत चारच नोंदी बसतात आणि सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहायचा असल्यामुळं दोन टेराबाइटच्या पुढची जागा या तक्त्यात मांडताच येत नाही. पण शाळेत एवढी डिस्क कोण देतंय? हे डेस्कटॉप पेनड्राइव्हवरून पहिल्या फटक्यात चालू झाले. एकदोघांत फक्त यूएसबीचा नंबर हार्डडिस्कच्या वर घ्यावा लागला.

मधल्या रांगेतली मशीन २०१३ नंतरची, म्हणजे यूईएफआयची, बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरची. माउस चालणारा सेटअप, रंगीत चित्रं. इथं सगळा हिशोबच बदलतो. इंटेलनं हे मुळात १९९० च्या दशकाच्या शेवटी इटॅनियम सर्व्हरसाठी काढलं. त्या मशीनला जुना सोळा-बिटी बायोस परवडणारा नव्हता. २००५ मध्ये ते एका सामाईक मंचाकडं गेलं आणि विंडोज ८ च्या काळात घरोघर पोचलं. यूईएफआयला फॅट फाइल सिस्टिम, म्हणजे पेनड्राइव्हवर असते तशी फाइलींची मांडणी, वाचता येते. पहिल्या सेक्टरकडं ते बघत नाही, तर डिस्कवरचं एक खास पार्टिशन उघडतं आणि त्यातली फाइल चालवतं. कोणती फाइल, ते मदरबोर्डवरच्याच स्मरणात नोंदवलेलं असतं. नोंद नसेल तर ईएफआय फोल्डरात बूट फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल, एवढं ठरलेलं ठिकाण बघतं. म्हणजे मशीनची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बायोसमध्ये बहुतेक वेळा चालते, यूईएफआयमध्ये ती नोंद जुन्या बोर्डावरच राहून गेलेली असते.

याचा झटका इथंच बसला. एका कंपनीच्या डेस्कटॉपवर लिनक्स व्यवस्थित इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं की 'बूट करण्याजोगी डिस्क नाही'. सेटअपमध्ये बघितलं तर लिनक्सची नोंद होती, पण त्या फर्मवेअरला विंडोजच्या नावाची नोंद दिसली नाही की ते बाकीच्यांना विचारतच नव्हतं. नियमात असं कुठंही नाही, पण त्या मॉडेलच्या फर्मवेअर लिहिणाऱ्यानं तसं करून ठेवलंय. उपाय सोपा. लिनक्सच्या बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, प्रत त्या ठरलेल्या 'बूटएक्स६४' ठिकाणी ठेवली, चाललं. सरांनी विचारलं, "म्हणजे फसवलं का त्याला?" म्हटलं, सर, त्याला जे घर माहीत आहे त्या घरात जाऊन बसलो, फसवलं कशाला?

सिक्युअर बूट मी बंद करत नाही. पुष्कळ जण आधी तेच करतात. त्यात फर्मवेअर फाइलवरची डिजिटल सही तपासतं आणि मोठ्या लिनक्स वितरणांचा, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांचा, पहिला टप्पा मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, त्यामुळं तो चालतो. शाळेत पन्नास पेनड्राइव्ह येणार-जाणार, तिथं ती तपासणी असलेली बरी.

मग तो छोटा नेटबुक. दिसायला खेळणं, आत इंटेलचा बे ट्रेल जातीचा अ‍ॅटम. प्रोसेसर ६४ बिटांचा आणि फर्मवेअर ३२ बिटांचं. स्वस्त टॅब्लेटांच्या जमान्यात, २०१३-१४ ला, अशी जोडी बाजारात खूप आली. पेनड्राइव्ह लावला की हा तिकडं बघायलाच तयार नाही. एरर नाही, तक्रार नाही, सरळ विंडोजकडं. कारण हा 'बूटएक्स६४' शोधतच नाही, त्याला 'बूटआयए३२' पाहिजे. पेनड्राइव्हवर ३२ बिटांचा ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, त्या नावानं टाकला. आता ३२ बिटांच्या दारातून ६४ बिटांचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत कसा जातो, तर कर्नलमध्येच २०१४ पासून त्याची सोय आहे. इन्स्टॉल झाल्यावर डिस्कवरही तोच ३२ बिटांचा बूटलोडर बसवावा लागतो, नाहीतर पुन्हा तेच. नेटबुक धावला. धावला म्हणजे चालला. दोन जीबी रॅमवर कितीसा धावणार!

लेकरांची सगळ्यात जास्त गर्दी आयमॅकपाशी. २००९ चा, अ‍ॅल्युमिनियमचा, मोठ्या स्क्रीनचा. सातवीतल्या एकानं एफ-टू दाबून बघितलं, डिलीट दाबून बघितलं, "काका, याचा सेटअपच उघडंना." उघडणार नाही, कारण त्याला तसा सेटअपच नाही. अ‍ॅपलनं २००६ पासून इंटेलच्या मशीनमध्ये ईएफआय, म्हणजे यूईएफआयचंच आधीचं रूप, घातलं, पण वापरणाऱ्यापुढं मेनू ठेवला नाही. चालू करताना ऑप्शन की धरून ठेवायची, एवढाच दरवाजा. की-बोर्ड विंडोजचा असेल तर आल्ट. आणि वायरचा असलेला बरा, बिनवायरचा त्या घाईच्या वेळी पटकन जोडला जाईल याची खात्री नाही. टिंग आवाज आला, आल्ट धरला, स्क्रीनवर नारिंगी डिस्कचं चित्र आणि खाली 'ईएफआय बूट'. त्यावर क्लिक. पुढचं सगळं डेस्कटॉपसारखंच.

त्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या छापखान्यातून आलेला पॉवर मॅक जी-फोर ठेवला होता. आपल्याकडं लग्नपत्रिका, साप्ताहिकं, दिवाळी अंक यांचं डीटीपी बरीच वर्षं मॅकवर व्हायचं, त्या काळातला. यात बायोस नाही, यूईएफआय नाही. यात ओपन फर्मवेअर. मूळ सन कंपनीचं, १९९४ ला आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं मानक झालेलं. मी सरांना म्हटलं, हे बघायलाच पाहिजे. कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ अशा चारही की एकदम धरून चालू केलं. पांढरी स्क्रीन, थोडा मजकूर, आणि शेवटी एक शून्य व त्याच्यापुढं कोनाचं टोक. डिस्क काढून ठेवलेली होती. म्हणजे या घडीला मशीनमध्ये चिपमधल्या प्रोग्रॅमशिवाय काहीच नव्हतं.

टाइप केलं: २ ३ + . आणि एंटर.

खाली आलं ५, आणि ओके.

हे फर्मवेअर म्हणजे फोर्थ नावाची अख्खी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. आकडे आधी, क्रिया नंतर, टिंब म्हणजे दाखव. लेकरांनी रांग लावली. कुणी बेरीज, कुणी गुणाकार. एकीनं ५ आणि ५ ची बेरीज विचारली तर उत्तर आलं 'ए'. वर्गात एकदम शांतता. मग सरांनी खडू घेतला आणि सोळाच्या पायावरचे आकडे तिथंच शिकवले, कारण ओपन फर्मवेअर डीफॉल्टनं सोळाच्याच पायावर मोजतं. अभ्यासक्रमात हे कितवीला आहे ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. डिस्क नसलेल्या मशीननं अख्खी दुपार खाल्ली.

त्या जी-फोरवर आजचं लिनक्स बसवायचा नाद मी केला नाही. प्रोसेसर पॉवरपीसीचा, डेबियन या मोठ्या लिनक्स वितरणानं २०१७ च्या आवृत्तीपासून त्याला अधिकृत यादीतून वगळलंय. तो तसाच राहू द्या म्हटलं, शिकवायला. याच ओपन फर्मवेअरवर तो हिरवा-पांढरा ओएलपीसी, म्हणजे 'दर लेकराला एक लॅपटॉप' योजनेतला, लॅपटॉपही चालायचा, जो २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत पोरांना दिला होता. आमच्याकडं तसलं काही पोचलं नाही, तो भाग निराळा.

आणि गंमत बघा, जी-फोरमधली एक कल्पना खोक्याच्या तळाशी सापडलेल्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकात जिवंत आहे. मशीनमध्ये कोणकोणते भाग कुठं आहेत त्याची झाडासारखी यादी ओपन फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला देतं. ती 'डिव्हाइस ट्री' पायच्या मेमरी कार्डावर चक्क फाइल म्हणून पडलेली दिसते, तुमच्या-माझ्या अँड्रॉइड फोनातही असतेच. पण पाय सुरू होण्याची रीत मात्र सगळ्यांत उलटी. यात प्रोसेसर आधी जागाच होत नाही. आधी ग्राफिक्सचा भाग उठतो, तो कार्डावरची 'बूटकोड' फाइल वाचतो, मग 'स्टार्ट' फाइल, मग सेटिंगची साधी मजकूर फाइल, आणि सगळं मांडून झाल्यावर मुख्य प्रोसेसरला उठवतो. आपल्याकडं आलेला पाय थ्री होता. २०१९ च्या पाय फोरपासून तो पहिला टप्पा बोर्डावरच्या चिपमध्ये गेला. पाय थ्रीला सेटअप नाही, बीप नाही. कार्ड नीट नसेल तर एक हिरवा दिवा लुकलुकतो, तोच त्याचा निरोप. सात वेळा लुकलुकला तर कर्नलची फाइल मिळाली नाही. आम्ही मोजलं, सातच. कार्ड अर्धवट लिहिलं गेलं होतं, पुन्हा लिहिलं. त्याला घड्याळाची बॅटरीही नसते, त्यामुळं नेट नसलं की तारीख चुकते. हे सरांच्या वहीत लिहून ठेवायला लावलं, नाहीतर पोरांच्या फाइलींवर भलत्याच तारखा पडणार.

एक डेस्कटॉप पूर्ण मेलेला आला होता. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. ज्यानं दिला त्याला फोन केला तर म्हणाला, फर्मवेअर अपडेट चालू असताना लाइट गेली. हे ऐकून मला बरंच वाटलं, कारण मग हार्डवेअर शाबूत असणार. बोर्डावर आठ पायांची चिमुकली चिप शोधली, २५क्यू६४ जातीची, ६४ मेगाबिट म्हणजे आठ मेगाबाइटची. आठ किलोबाइटचा बायोस आठ मेगाबाइटवर आला, हजारपट! आधी चिपचं पूर्ण नाव मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचलं, कारण याच कुळात ३.३ व्होल्टच्याही चिपा असतात आणि १.८ च्याही. १.८ ची असेल आणि आपण साधा प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, लावला तर ती जायचीच. ही ३.३ ची निघाली.

वायर काढली, बॅटरी काढली, बटण दाबून उरलासुरला करंट घालवला. चिपच्या कोपऱ्यात बारीक टिंब असतं, तो एक नंबरचा पाय; प्रोग्रॅमरची चिपवर बसणारी जी क्लिप, तिची लाल वायर त्या बाजूला. ही क्लिप म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. जरा हात लागला की सरकते. वर्गातला पंखा बंद करायला लावला तेव्हा नीट बसली. मग आतला मजकूर दोनदा वाचून दोन फाइली केल्या आणि त्या बाइट-न्-बाइट सारख्या आहेत का ते ताडून बघितलं. त्या जुळल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझ्या दुकानाचा नियम. बिघडलेली फाइलसुद्धा जपून ठेवायची, कारण मशीनचा सीरियल नंबर आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता पुष्कळदा त्यातच असतो. कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं फर्मवेअर घेतलं, जुन्यातला सीरियलचा भाग त्यात बसवला, माझा लॅपटॉप बॅटरीवर ठेवून चिपवर लिहिलं आणि परत ताडून बघितलं. क्लिप काढली, वायर लावली, बटण दाबलं. पहिल्यांदा रॅम ओळखायला मशीन बराच वेळ घेतं, तोवर कुणी घाबरून बंद करू नये म्हणून मी स्विचपाशीच उभा राहिलो. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं. नवीन मदरबोर्डाचा खर्च वाचला.

आमच्या भागात फर्मवेअर अपडेट करायचं तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस लावूनच करा, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली असेल तर उद्या करा.

उरले दोन क्रोमबुक, गूगलच्या क्रोम सिस्टिमचे लॅपटॉप. यांच्यात कोअरबूट असतं, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत लिनक्सबायोस म्हणून सुरू झालेला मोकळा प्रकल्प. मोकळा असला तरी क्रोमबुकमध्ये तो कडक शिस्तीत बसवलेला आहे. चिपचा एक भाग नुसत्या सॉफ्टवेअरनं बदलताच येत नाही, तो पुढच्या भागाची सही तपासतो, पुढचा त्याच्या पुढच्याची. एस्केप, रिफ्रेश आणि पॉवर एकत्र दाबलं की रिकव्हरीची स्क्रीन येते, तिथं कंट्रोल आणि डी दाबलं की डेव्हलपर मोड, म्हणजे बाहेरची सिस्टिम चालवायची मुभा, चालू होतो, त्यात आतला सगळा डेटा पुसला जातो. पहिल्या क्रोमबुकमध्ये जुन्या पद्धतीचा एक स्क्रू होता, तो बोर्डावर दोन पट्ट्या जोडून लिहायची मनाई करतो. तो काढला, मूळ फर्मवेअरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि यूईएफआय असलेलं फर्मवेअर चढवलं. आता तो बाकीच्या लॅपटॉपसारखाच पेनड्राइव्हवरून चालू होतो.

दुसरा मात्र अडला. तो आधी ज्या संस्थेत होता तिथल्या यादीत अजून नोंदलेला, आणि डेव्हलपर मोड त्यांनी बंद करून ठेवलेला. मशीन नवं, बॅटरी चांगली, पण चालू केलं की त्या संस्थेच्या लॉगिनवर येऊन थांबतं. त्यांच्या आयटीवाल्यानं आपल्या यादीतून त्याला मोकळं केल्याशिवाय सरळ मार्ग नाही. तसाच एक लॅपटॉप आलाय, सुपरवायझर पासवर्डचा, म्हणजे सेटअपलाच कुलूप लावलेला. जुन्या डेस्कटॉपची बॅटरी काढली की पासवर्ड जातो, हे गावातल्या पोरांनाही माहीत झालंय. पण लॅपटॉपवाल्यांनी तो कधीचाच अशा चिपमध्ये हलवलाय जिला बॅटरीशी काही देणंघेणं नाही. आणि २०२० नंतरच्या, अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या एम-वन मॅकला तर यूईएफआयही नाही, पॉवरचं बटण दाबून धरलं की पर्याय दिसतात, आणि आधीच्या मालकाचं खातं त्यावर राहिलं असेल तर तिथंच गाडी अडते. तसला अजून आमच्याकडं आला नाही, दहा वर्षांनी येईल तेव्हा बघू.

सरांनी पुण्याच्या पोरांसाठी एक निरोप माझ्याकडून लिहून घेतला. पुढचा टेम्पो भरायच्या आधी प्रत्येक मशीनच्या सेटअपमधला पासवर्ड काढा, क्रोमबुक संस्थेच्या यादीतून मोकळं करून घ्या, मॅकमधून स्वतःचं खातं बाहेर काढा, आणि हे सगळं ज्याच्या हातात आहे तो आयटीवाला नोकरी सोडायच्या आत करा. त्या पासवर्डवाल्या लॅपटॉपच्या मूळ मालकाचा नंबरही त्यांच्याकडून मागवलाय.